‘भिल्ल पलटणीची बंदूक’: एका निकामी .३०३ रायफलीच्या खुणांचे वाचन

धरणगाव परिसरातील एका माध्यमिक विद्यालयात मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेर काचेच्या पेटीत एक निकामी केलेली .३०३ रायफल अनेक वर्षांपासून ठेवलेली आहे. पेटीवरच्या लाकडी पाटीवर ‘खान्देश भिल्ल पलटण, स्थापना १८२५, यांची बंदूक’ असे रंगवलेले होते. विद्यालयात पूर्वी एन.सी.सी.ची तुकडी होती, त्या काळात कवायतीसाठी वापरून झालेली ही रायफल पुढे निकामी करून शाळेकडे शोभेची वस्तू म्हणून आली. हस्तांतराचे पत्र शाळेच्या फाइलमध्ये आहे, आणि या प्रकरणाची सुरुवात त्या पत्रापासूनच झाली.

नव्याने रुजू झालेल्या मुख्याध्यापकांनी डेड स्टॉक रजिस्टरची वार्षिक पडताळणी करताना पत्रातील रायफल क्रमांक आणि रजिस्टरातील क्रमांक शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा ते जुळले नाहीत. पूर्ण क्रमांक ही शस्त्राची कायदेशीर ओळख असल्यामुळे येथे फक्त शेवटचे तीन अंक देतो: पत्रात ३५१ होते, रजिस्टरात ८०६. मधल्या काळात बंदूक बदलली गेली की काय, ही शंका साहजिक होती, आणि ती किरकोळही नव्हती. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार शस्त्राचे सुटे भागसुद्धा ‘शस्त्र’ या व्याख्येत येतात, आणि शस्त्र नियम २०१६ प्रमाणे .३०३ बोअरची रायफल प्रतिबंधित वर्गात मोडते. शाळेच्या ताब्यात नेमके काय आहे हे कागदावर नि:संदिग्ध असणे आवश्यक होते. वस्तू नीट वाचता येईल अशा माणसाकडून आधी सगळे क्रमांक उतरवून घ्यावेत, असे ठरले आणि मला निरोप आला.

माझी नोकरी वरणगावच्या आयुध निर्माणीत, तपासणी विभागात, गेज, म्हणजे मापे तपासायची साधने, हाताळण्यात गेली. तेथे काडतुसे होत, रायफली नव्हेत. मात्र काडतूस ज्या घरात बसते त्या घराची मापे ठाऊक असल्याशिवाय काडतूस तपासता येत नाही, आणि त्या ओघात जुन्या ली-एनफिल्ड, म्हणजे शाळेतल्या या .३०३ च्याच जातीच्या, रायफलींचा नाद लागला तो निवृत्तीनंतरही सुटलेला नाही.

वैशाखातल्या एका सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, पेटी उघडून रायफल प्रयोगशाळेच्या टेबलावर घोंगडी अंथरून ठेवली. नळीत सळई घालून ती वेल्ड केलेली आहे, चेंबरला, म्हणजे काडतुसाच्या घराला, आरपार भोक आहे आणि स्ट्रायकरचे, म्हणजे काडतुसावर आपटणाऱ्या खिळ्याचे, टोक कापलेले आहे, हे प्रथम पाहिले. वस्तू निकामी आहे असे कागद सांगत असला तरी ते स्वत:च्या डोळ्यांनी पाहिल्याखेरीज कोणतीही बंदूक टेबलावर घेऊ नये. शाळेचे शिपाई नाना अनेक वर्षांपासून या पेटीची निगा राखत आले आहेत. त्यांनी मला आधीच बजावले, “आप्पा, हाई बंदूक पलटननीच शे, आमना आबा बी हाईच सांगे.” पेटीतल्या वस्तूवरचे त्यांचे प्रेम खरे होते. त्याच प्रेमापोटी दर २६ जानेवारीच्या आधी तिला व्हार्निशचा एक हात बसत आला होता, लाकडाला आणि लोखंडालाही, आणि माझ्या कामातला सर्वांत मोठा अडथळा तोच ठरला.

व्हार्निश खरवडून काढण्याचा मोह आवरावा लागतो. तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर लावला की ठशाच्या कडा बोथट होतात. एकदा कड गेली की तीन आहे की आठ, हे ठरवता येत नाही. स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस एका जागी थोडा वेळ ठेवायचा, मऊ झालेला थर सुती चिंधीने टिपून घ्यायचा, मग खडूची वस्त्रगाळ पूड बोटाने ठशात भरून वरची पुसून टाकायची, आणि खोली अंधारी करून टॉर्च जवळजवळ आडवी धरायची. समोरून पडलेल्या उजेडात जे लोखंड सपाट दिसते, ते तिरप्या उजेडात बोलू लागते. अशा रीतीने बट सॉकेटच्या, म्हणजे बॉडी (रायफलीचा मुख्य लोखंडी सांगाडा) आणि दस्ता जेथे मिळतात त्या मनगटासारख्या भागाच्या, उजव्या बाजूवर अर्ध्या तासाने एकाखाली एक ओळी उमटल्या: मुकुट, त्याखाली जी.आर., मग बी.एस.ए. को., १९१७, आणि शेवटी एसएचटी एल.ई. तीन व पुढे तारा.

यातील ‘बी.एस.ए. को.’ ही ओळ व्हार्निशाखालूनही पूर्वीपासून अंधुक दिसत असे. पाटी कशी तयार झाली हे मला एका निवृत्त शिक्षकांनी सांगितले तेव्हा हसू आवरले नाही, पण त्यामागचे तर्कशास्त्र अगदीच टाकाऊ नव्हते. ‘बी’ म्हणजे भिल्ल आणि ‘को’ म्हणजे कोअर, असे कोणीतरी एकेकाळी वाचले. मधल्या दोन अक्षरांचा अर्थ लागला नाही, त्याकडे दुर्लक्ष केले. नळीच्या मुळाशी ४५ असा दोन अंकी आकडा आहे, तो १८४५ समजला गेला. ब्रिटिश अधिकारी जेम्स आउट्रम यांनी १८२५ साली खान्देशात भिल्ल पलटण उभारली आणि तिचे ठाणे धरणगावला होते, हा इतिहास तर गावातल्या प्रत्येकाला ठाऊक. आधीच मनात असलेल्या गोष्टीला तीन खुणा मिळाल्या आणि पाटी रंगली.

वास्तविक ‘को.’ म्हणजे कंपनी, बी.एस.ए. म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, जिचा कारखाना बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ भागात होता आणि जिच्या मोटारसायकली पुढे आपल्याकडेही धावल्या. पलटण उभी राहिली तेव्हा नळीच्या तोंडातून बार ठासायच्या, गारगोटीच्या ठिणगीवर उडणाऱ्या बंदुकांचा काळ होता. .३०३ चे काडतूस ब्रिटिश लष्करात आले ते १८८८ साली ली-मेटफर्ड रायफलीबरोबर. आखूड ली-एनफिल्डची तिसरी आवृत्ती, म्हणजेच ठशातली ‘एसएचटी एल.ई. तीन’, १९०७ मध्ये स्वीकारली गेली, आणि तारांकित तिसरी आवृत्ती महायुद्धाच्या रेट्यात १९१६ मध्ये. भिल्ल पलटण त्याच्या बऱ्याच आधी, एकोणिसावे शतक संपण्यापूर्वीच, पोलिसांत सामावून गेली होती. मुकुटाखालची अक्षरेही हेच सांगतात. राणी व्हिक्टोरियाच्या काळातील शस्त्रावर व्ही.आर. असते, सातव्या एडवर्डच्या काळात ई.आर., आणि जी.आर. हे १९१० नंतरच्या जॉर्ज राजांचे. पाटीचा प्रश्न येथे संपला, परंतु क्रमांकाचा प्रश्न अजून सुरूही झाला नव्हता.

त्या ताऱ्याविषयी थोडे अधिक सांगतो, कारण त्यातून शाळेची आणखी एक जुनी तक्रार निकालात निघाली. बॉडीच्या उजव्या बाजूला मॅगझिनवर आडवी सरकणारी एक पातळ पट्टी असते, तिला कट-ऑफ म्हणतात. ती आत ढकलली की मॅगझिनमधल्या दहा गोळ्या राखीव राहतात आणि शिपाई एकेक काडतूस हाताने भरून झाडू शकतो. नानांनी जुन्या चित्रात ती पाहिली होती, आणि आपल्या रायफलीची पट्टी कोणीतरी चोरली असे त्यांचे ठाम मत होते. १९१६ च्या तारांकित आवृत्तीत उत्पादन वेगाने व्हावे म्हणून ही पट्टी, मागच्या साइटची, म्हणजे नेम धरायच्या खुणेची, डावी-उजवीकडे सरकवण्याची सोय आणि दूरच्या माऱ्याची बाजूची साइट, या तिन्ही गोष्टी गाळण्यात आल्या. भाग काढून घेतला असेल तर त्याची खाच आणि स्क्रूचे भोक उरते. या बॉडीला खाचच नाही. म्हणजे पट्टी हरवलेली नाही, ती कधी बसवलेलीच नव्हती. नानांचा चेहरा उजळला. चोरीचा आळ ज्या कोणावर होता, तो उतरला.

आता क्रमांक. या जातीच्या रायफलीवर क्रमांक एकाच जागी नसतो. बॉडीच्या पुढच्या कड्यावर उजवीकडे, नळीच्या मुळाशी असलेल्या जाड भागावर, बोल्टच्या (मागून चेंबर बंद करणाऱ्या दांड्याच्या) मुठीच्या मुळाशी मागच्या अंगाला, मागच्या साइटच्या पानाखाली, आणि संगीन बसते त्या नोज कॅपवर, इतक्या ठिकाणी तो मारलेला असे. कारण सरळ आहे: हे भाग एकमेकांशी जुळवून बसवलेले असत. बोल्टचे खांदे बॉडीतल्या खोबणींवर दोन्हीकडे सारखे टेकले पाहिजेत, आणि ते घासून बसवावे लागत. साइट आणि नोज कॅप हे त्या नळीच्या नेमाशी बांधलेले असतात. कोणता भाग कोणाचा हे विसरू नये म्हणून क्रमांक.

बॉडीच्या कड्यावर व्हार्निशाखाली ३५१ निघाला. मागचा हँडगार्ड, म्हणजे नळीवरचे लाकडी आवरण, उचलून पाहिले तर नळीवरही ३५१. साइटच्या पानाखाली ३५१. नोज कॅपवर मात्र १२४, आणि बोल्टवर ८०६. रजिस्टरातील आकडा कोठून आला हे तत्क्षणी उलगडले. बोल्टची मूठ वर्षानुवर्षे हाताळून चकचकीत झालेली, व्हार्निशही तेथे टिकलेले नाही. ज्या लिपिकाने रायफल रजिस्टरात चढवली त्याने समोर स्वच्छ दिसणारा एकमेव क्रमांक लिहून घेतला. त्याचा दोष म्हणता येत नाही. बॉडीवरचा क्रमांक त्याला दिसणेच शक्य नव्हते.

येथे थांबून ‘बोल्ट बदललेला, बाकी मूळची’ असा शेरा मारता आला असता, आणि अनेक जण तेथेच थांबतात. परंतु जुळणारा क्रमांक म्हणजे मूळचा भाग, हे समीकरण खरे नाही. नळीवरचा ३५१ आणि बॉडीवरचा ३५१ शेजारी शेजारी पाहिले तेव्हा बॉडीवरच्या तीनचा माथा सपाट होता, नळीवरच्या तीनचा गोल. पाचाचे पोटही वेगळे. एकाच बाकावर, एकाच पंचाच्या संचाने हे दोन आकडे मारलेले नाहीत. नळीच्या डाव्या अंगाला आर.एफ.आय. ही अक्षरे, म्हणजे रायफल फॅक्टरी इशापूर, आणि त्याजवळ तो ४५. बंगालमध्ये हुगळीकाठी असलेल्या या कारखान्यात ही जात स्वातंत्र्यानंतरही बनत होती. तेव्हा १९१७ च्या इंग्लिश बॉडीवर १९४५ ची हिंदी नळी बसवली गेली, आणि बसवणाऱ्या आर्मररने, म्हणजे लष्करी शस्त्र-कारागिराने, नियमाप्रमाणे रायफलीचा जुना क्रमांक नव्या नळीवर मारला. नळ्या बदलाव्याच लागत. त्या काळच्या काडतुसाच्या टोपीतील क्षारामुळे गोळीबारानंतर नळी गंजे, म्हणून शिपाई उकळते पाणी ओतून ती धूत. आणि ज्याने कंटाळा केला त्याची नळी आतून खड्डे पडून वाया जाई. लोखंडाची बॉडी मात्र दोन-तीन नळ्यांचे आयुष्य सहज पुरते.

बोल्टकडे पुन्हा पाहिले, कारण त्याने सर्वांत जास्त सांगितले. ८०६ च्या वर आणखी एक क्रमांक होता आणि त्यावरून छिन्नीची आडवी रेघ मारून तो रद्द केलेला होता. म्हणजे हा बोल्ट प्रथम एका रायफलीचा. नंतर तो ८०६ क्रमांकाच्या रायफलीला बसवला गेला, आणि तेव्हा जुना आकडा खोडून नवा मारला, याचा अर्थ ते काम कोणत्यातरी कार्यशाळेत रीतसर झाले. त्यानंतर तो ३५१ मध्ये आला. या वेळी मात्र ८०६ खोडलेला नाही आणि ३५१ मारलेला नाही, म्हणजे हा शेवटचा प्रवास रीतसर नव्हता. तो कसा झाला असेल याची कल्पना ज्याने कवायतीच्या रायफली साफ होताना पाहिल्या आहेत त्याला सांगावी लागत नाही. सतरंजीवर आठ-दहा रायफली, आठ-दहा बोल्ट एका रांगेत, तेलाची चिंधी हातोहात फिरते आहे, आणि शिट्टी झाली की हाताला येईल तो बोल्ट आत.

जिवंत रायफलीत हा प्रकार गंभीर ठरला असता. .३०३ चे काडतूस काठाचे असते, म्हणजे त्याच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. बोल्टचा माथा आणि नळीचे तोंड यांच्यामध्ये त्या काठासाठी किती जागा उरते हे गेजने पाहिल्याशिवाय परका बोल्ट वापरू नये. ०.०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे आणि ०.०७४ इंचाच्या गेजवर तो बंद होता कामा नये, असा लष्करी दंडक होता. मधले अंतर सुमारे पाव मिलिमीटर. या पाव मिलिमीटरवर माझी निम्मी नोकरी गेली, त्यामुळे त्याविषयी कमी बोलणे मला जमत नाही. प्रस्तुत रायफलीच्या बाबतीत मात्र तो प्रश्न उद्भवत नव्हता. बॉडीवर, नळीवर आणि लाकडावर डी.पी. ही अक्षरे ठळक मारलेली आहेत, म्हणजे ड्रिल पर्पज, फक्त कवायतीसाठी. दस्त्यावर व्हार्निशाखाली अशा रायफलींना देतात तो पांढरा पट्टाही पुसट दिसतो. बोल्टवर डी.पी. नाही, आणि तो पाहुणा असल्याचा हा आणखी एक पुरावा.

नोज कॅपचे काम लवकर संपले. त्यावर एम.ए. असा छोटा ठसा आहे, तो ऑस्ट्रेलियातील लिथगो येथील कारखान्याने दुसऱ्या महायुद्धात वापरलेला. म्हणजे हाही नळीप्रमाणे पुढच्या महायुद्धाच्या पिढीतला भाग; तो नळीआधी आला की नंतर, हे या खुणांवरून ठरत नाही. पुढचे लाकूड हिंदी आहे. मॅगझिनच्या थोडे पुढे त्यातून आरपार जाणारा एक स्क्रू दिसतो. लाकूड तडकू नये म्हणून इशापूरच्या कामात तो घालत, आणि ही एक खूण दुरूनही चुकत नाही. नळीच्या मुळाशी आडव्या झेंड्यांची लष्करी चाचणीची खूण आहे. बॉडीवर सरकारी मालकीचा बाण आहे, ज्याला शाळेतली मुले ‘कोंबडीचा पाय’ म्हणतात, आणि त्याखाली आय हे अक्षर, म्हणजे मालक हिंदुस्थान सरकार. विलायतेत नागरी बाजारात विकल्या गेलेल्या लष्करी रायफलींवर बर्मिंगहॅमच्या नागरी चाचणीचे ठसे असतात. ते येथे कोठेही नाहीत. ही रायफल सरकारी हातांतून सरकारी हातांत गेली, या शाळेच्या कागदाशी ते सुसंगत आहे.

दस्त्याच्या पितळी तळाला झडप असते आणि आत तेलाची बाटली व नळी ओढायची दोरी ठेवायची जागा. झडप उघडली तेव्हा बाटली नव्हती. घडी घालून बारीक केलेला एक कागद होता, आणि त्यावर अतिशय सुबक अक्षरात भूमितीची प्रमेये. मुख्याध्यापकांनी तो शांतपणे खिशात घातला.

दुपारी चहा घेताना एका संस्थाचालकांनी सुचवले की गावात चांगला लोहार आहे, बोल्टवरचा ८०६ घासून तेथे ३५१ मारला की रजिस्टर, पत्र आणि वस्तू सगळेच जुळेल. सूचना सद्हेतूने केलेली होती, पण तिला तेथल्या तेथे नकार देणे भाग होते. शस्त्र अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे बंदुकीवरील नाव, क्रमांक वा ओळखीची खूण खोडणे, बदलणे किंवा बनावट मारणे हा गुन्हा आहे. लष्करी कार्यशाळेतील आर्मररला जो अधिकार होता तो गावच्या लोहाराला नाही, मलाही नाही. शिवाय त्या चुकीच्या क्रमांकामुळेच रजिस्टरातली नोंद कोठून आली हे सिद्ध होत होते. ८०६ नसता तर बंदूक बदलली गेली नाही, हे दाखवायला शाळेपाशी काहीच उरले नसते.

मग टिपण असे केले. रायफलीची ओळख बॉडीवरील क्रमांकावरून, म्हणजे ३५१, आणि तो हस्तांतराच्या पत्राशी जुळतो. त्याखाली प्रत्येक भागाची स्वतंत्र ओळ: भाग, क्रमांक, ठसे, ठशाची जागा, आणि तिरप्या उजेडात घेतलेला फोटो. जेथे क्रमांक नाही तेथे ‘नाही’ असे लिहिले; जेथे खोडलेला आहे तेथे ‘खोडलेला, वाचता येतो’ असे. रजिस्टरातील जुनी नोंद काळी करू नये, तिच्यापुढे ‘हा बोल्टवरील क्रमांक आहे, टिपण पाहावे’ असा शेरा तारखेसह लिहावा, हे मुख्याध्यापकांनी मान्य केले आणि टिपणाची एक प्रत पोलीस ठाण्यात पोहोच घेऊन दिली.

परिसरातील आणखी एका महाविद्यालयाकडे अशीच निकामी रायफल असल्याचे समजल्यावरून तिचा क्रमांकही विचारून पाहिला. तिची बॉडी ८०६ नव्हती, बोल्टही ३५१ नव्हता.

व्हार्निश आता लागत नाही. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, लाकडावर जवसाच्या कच्च्या तेलाचे बोट आणि लोखंडावर मशीनच्या तेलाची चिंधी, एवढेच नानांना सांगितले आहे, आणि ते ते निष्ठेने करतात. नवी पाटी चार ओळींची आहे: बॉडी बर्मिंगहॅम १९१७, नळी इशापूर १९४५, नोज कॅप लिथगो, बोल्ट दुसऱ्या रायफलीचा. जुनी लाकडी पाटी मात्र फेकू द्यायला नाना तयार नव्हते. ती आता पेटीच्या आत, रायफलीच्या मागे टेकवून ठेवलेली आहे, आणि डेड स्टॉक रजिस्टरात तिलाही एक क्रमांक मिळाला आहे.